मागच्या सीटवरून पुढचं दार

गाडीचं दार उघडत नाही, या एकाच तक्रारीवर माझ्या नोकरीची शेवटची पाच-सहा वर्षं गेली. त्याआधी तीस वर्षं मी गाड्यांची वायरिंग केली. उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये डायनामो, सेल्फ, हॉर्न असली कामं शिकलो आणि मग हायवेजवळच्या एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लागलो. इलेक्ट्रिक गाड्या आल्या तेव्हा नव्या लोकांना पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. माझ्या वयाकडं बघून मला व्हॅन दिली आणि सांगितलं, गाडी बंद पडल्याचा फोन येईल तिकडं तुम्ही जायचं. मला वाटलं, मोटर जळेल, मोठी बॅटरी बसेल, काहीतरी नवं बघायला मिळेल. तसं फारसं झालं नाही. मोटरा मुकाट चालत राहिल्या. फोन यायचे ते दाराचे.

ज्यांच्याकडं अशी गाडी नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या गाडीत किल्ली भोकात घातली, फिरवली, दार उघडलं. लोखंडाचा लोखंडाशी व्यवहार. नव्या गाडीत किल्ली म्हणजे काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. त्याला फॉब म्हणतात, आम्ही रिमोटच म्हणतो. तो खिशात असला की पुरे. तुम्ही दाराजवळ आलात की गाडी विचारते, कोण आहे? खिशातला रिमोट सांगतो, मालक आहे. दार उघडतं. तुम्ही लांब गेलात की गाडी आपण होऊन लॉक होते. हे सगळं बिनतारी चालतं आणि त्यासाठी रिमोटच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. तो उतरत आला की रिमोटचं बोलणं गाडीपर्यंत पोचत नाही.

फोनचीही सोय असते. कंपनीचं अॅप फोनमध्ये घेतलं की फोनच किल्ली होतो. फक्त फोन चार्ज पाहिजे, ब्लूटूथ चालू पाहिजे आणि अॅप जागं पाहिजे. फोन स्वतःची बॅटरी वाचवायला अॅपला कधी झोपवतो ते मालकाला कळत नाही. मग एटीएमसारखं एक कार्ड मिळतं. ते दाराच्या खांबाला टेकवलं की दार उघडतं, त्याला सेलबिल काही लागत नाही. लोक ते गाडीच्या कागदांबरोबर फायलीत ठेवतात आणि फाईल गाडीत. शेवटचा उपाय म्हणजे रिमोटच्या पोटात दडवलेली बारकी लोखंडी किल्ली. तिचं भोक ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर, एका झाकणाखाली असतं. विकणारा हे घाईत सांगतो, घेणारा आनंदात ऐकत नाही. मला आलेल्या निम्म्या फोनांचं उत्तर त्या झाकणाखाली होतं.

शाहूपुरीत एक गुळाचे व्यापारी होते, सगळे त्यांना बापूसाहेब म्हणायचे. महिन्यात तीनदा मला बोलावलं.

"मिस्त्री, ही गाडी मला वळकत न्हाई."

"घरात वळकती का?"

"घरात वळकती. दुकानात आलं की अजाबात न्हाई."

मी सेल बदलला. सॉफ्टवेअर नवं घातलं. दुकानाच्या आसपास कुणाचा मोठा टॉवर, वायरलेस काही आहे का ते हिंडून बघितलं. तोवर त्यांनी गाडीला लिंबू-मिरची बांधली होती. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "बापूसाहेब, माझ्यासमोर उघडून दाखवा." त्यांनी बंडीच्या खिशातून स्टीलची एक गोल डबी काढली आणि ती हातात धरून दारासमोर उभे राहिले.

"डबीत काय हाय?"

"किल्ली."

जावयानं त्यांना सांगितलं होतं की चोर मशीन घेऊन येतात, घरातल्या किल्लीची लाट पकडतात आणि गाडी घेऊन जातात. किल्ली धातूच्या डबीत ठेवली की लाट बाहेर पडत नाही. जावयाचं म्हणणं बरोबर होतं. घरी ते गाडीकडं निघताना रिमोट डबीतून काढायचे. दुकानात चोरांची भीती जास्त, म्हणून काढत नव्हते.

"चोराला किल्ली सापडत न्हाई तशी गाडीलाबी सापडत न्हाई," मी म्हटलं. "दाराजवळ आल्यावर डबी उघडायची."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजे डबी काढायची, उघडायची, झाकायची, परत खिशात टाकायची. मग आमची जुनी किल्ली काय वाईट हुती?"

 

दुसऱ्या होत्या कळंब्याच्या पलीकडं म्हशींचा मोठा गोठा असलेल्या आक्काताई. त्यांची गाडी दर तीन-चार दिवसांनी सकाळी मेलेली असायची. दार उघडेना, दिवा लागेना. रात्रभर चार्जिंगला लावलेली, मोठी बॅटरी भरलेली, तरी हे हाल. इथं आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे. इलेक्ट्रिक गाडीत मोठ्या बॅटरीबरोबर एक छोटी बॅटरीही असते, आपल्या नेहमीच्या गाडीत असते तसलीच. दारं, दिवे, स्क्रीन तिच्यावर. ती उतरली की मोठी भरलेली असून उपयोग नाही. मी दोनदा छोटी बॅटरी बदलली. तिसऱ्यांदा त्यांनी मला चहाला घरात बोलावलं, तेव्हा देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला रिमोट लटकलेला दिसला. ज्या भिंतीवर खिळा, तिच्याच बाहेरच्या अंगाला गाडी. मधे एक वीट. गाडीला रात्रंदिवस वाटत होतं की मालकीण दारात उभी आहे. ती झोपतच नव्हती.

"आक्का, तुमच्या गाडीला झोप मिळत न्हाई."

"झोप न्हाई मिळाली की म्हस दूध चोरती, ते मला कळतंय की. हे आदीच सांगायचं हुतंस."

खिळा पलीकडच्या खोलीत ठोकला, तक्रार संपली. आमच्या फॉर्ममध्ये 'बदललेला भाग' असा रकाना असतो. तिथं मी 'खिळ्याची जागा' असं लिहिलं. मॅनेजरनी बोलावून विचारलं, ही चेष्टा आहे का? मी म्हटलं, नाही.

अशा गोष्टी सांगताना मी हसतो, ऐकणारेही हसतात. पण एक प्रकार मी अजून कुणाला हसत सांगितलेला नाही. तो लिहावा म्हणूनच या दिवाळी अंकात लिहायला हो म्हटलं.

शिवाजी पेठेत इनामदार सर राहतात. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. त्यांच्या पत्नी विमलबाई त्याच शाळेत गणित शिकवायच्या. अख्खी पेठ त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. बाईंना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. हातापायात जोर नाही, शब्द फुटेना. त्यांना व्यायामासाठी रोज दवाखान्यात न्यायला लागायचं, म्हणून बेंगळुरूला असलेल्या मुलानं, शशांकनं, आईवडिलांसाठी ही गाडी घेऊन दिली. वर चढायला सोपी, आवाज नाही, धक्का नाही. बाई मागं डाव्या बाजूला बसायच्या. पाय लांब करता यावेत म्हणून त्यांच्या पुढची सीट पार पुढं सरकवलेली असायची.

चैत्र संपत आला होता. सकाळी अकराच्या पुढं मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"महादेवराव, इनामदार बोलतोय. मलकापूरच्या पुढं आहे. गाडी लॉक झालीय आणि विमल आत आहे."

सर नेहमी आधी तब्येत विचारतात, मग कामाचं बोलतात. त्या दिवशी विचारली नाही.

दोघं रत्नागिरीला बाईंच्या बहिणीकडं निघाले होते. मलकापूर मागं टाकल्यावर रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीपाशी सरांनी पाण्याच्या बाटल्या घ्यायला गाडी थांबवली. सरांची किल्ली म्हणजे त्यांचा फोन. तो पुढच्या काचेजवळ स्टँडवर लावलेला, त्यावर नकाशा चालू, वरून ऊन. त्यांनी तो काढून खिशात टाकला आणि ते उतरले. टपरीवर पैसे देताना मागं बघितलं तर गाडीचे आरसे मिटलेले. म्हणजे लॉक. फोन काढला तर तापून बंद पडलेला. टपरीवाल्याच्या फोनवरून ते माझ्याशी बोलत होते. माझा नंबर त्यांच्या शर्टाच्या खिशातल्या डायरीत होता.

"काचा?"

"सगळ्या वर. एसी होता ना."

"एसी चालू हाय?"

"नाही. गाडीच बंद झालीय."

"रिमोट कुठाय?"

"तिच्या पर्समध्ये. महिनाभर स्क्रीनवर सेल बदला, सेल बदला असं येत होतं. मी फोनवर चालवत होतो, म्हणून..."

म्हणून रिमोट आत असूनही गाडीला तो जाणवला नाही आणि ती निवांत लॉक झाली. कार्ड कुठं आहे हे मी विचारलंसुद्धा नाही. पुढच्या कप्प्यात, फायलीत. ते मला माहीत होतं, कारण ती फाईल मीच तिथं ठेवली होती.

"बाईंना आतून दार ओढायला सांगा."

"ओढतीय ती. डाव्या हातानं ओढतीय. उघडत नाही."

 मागच्या दारांना लहान मुलांसाठी एक जादा कुलूप असतं. दाराच्या कडेला बारकी खिट्टी असते. ती लावली की ते दार आतून उघडतच नाही, फक्त बाहेरून उघडतं. ती खिट्टी मी लावली होती. गाडी दिली तो दसऱ्याचा दिवस होता. शशांक म्हणाला, आईचा हात कुठंही जातो, चालत्या गाडीत दार उघडलं तर? मला ते पटलं आणि मी दोन्ही दारांच्या खिट्ट्या लावून टाकल्या.

सरांना विचारलं, किती वेळ झाला? दहा मिनिटं तरी, ते म्हणाले. चैत्रातलं अकराचं ऊन, काळी गाडी, बंद काचा, आत अर्धांग झालेली बाई. त्याच मिनिटाला मी 'काच फोडा' म्हणायला पाहिजे होतं. मी ते म्हणालो नाही. गाडीला ओरखडाही न पाडता दार उघडायचं, ही माझी इतक्या वर्षांची शान होती. माझ्या तोंडातून निघालं, "सर, थांबा. आपण आधी रिमोट बघू."

एका हातानं मी दुसऱ्या फोनवरून शशांकला गाठलं. अॅपमधून त्याला बेंगळुरूहूनही दार उघडता आलं असतं. त्यानं तीनदा करून बघितलं. गाडीत जे सिम असतं त्याला त्या जागी रेंज नव्हती. टपरीवाल्याचं सिम वेगळ्या कंपनीचं, म्हणून आमचं बोलणं तेवढं होत होतं.

रिमोट बाईंच्या पर्समध्ये. उतरलेला सेलसुद्धा हातात चोळून गरम केला आणि बटण दाबलं तर कधीकधी एकदा साथ देतो. पण हे बाईंना सांगायचं कसं? काचा बंद, रस्त्यावर ट्रकांचा आवाज. सर ओरडून सांगत होते, त्यांना ऐकू जात नव्हतं. तेव्हा टपरीवाला, धोंडीराम त्याचं नाव, त्यानं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि दराचा बोर्ड लिहायचा मार्कर सरांच्या हातात दिला. सरांनी लिहिलं, 'पर्समधला रिमोट. सेल चोळ. बटण दाब.' पुठ्ठा काचेला लावला. बाईंनी वाचलं, मान हलवली. डाव्या हातानं पर्सची चेन उघडायला त्यांना बराच वेळ लागला. मला फोनवर नुसता सरांचा श्वास ऐकू येत होता.

रिमोट उघडून सेल बाहेर काढणं एका हाताला शक्य नव्हतं. त्यांनी अख्खा रिमोटच मुठीत धरून छातीशी आवळला. थोड्या वेळानं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.

"तिला घाम आलाय," सर म्हणाले. "महादेवराव, तिनं डोळे मिटलेत."

"फोडा काच," मी म्हटलं. "ड्रायव्हरच्या बाजूची. आत्ता."

धोंडीरामनं दगड उचलला. मला ठक्क असा आवाज ऐकू आला, मग परत एकदा. काच शाबूत. गाडीच्या बाजूची काच मधोमध मारली तर दगड उलटा येतो. कोपऱ्यात, टोकदार लोखंडानं मारली तर एका दणक्यात भुगा होतो. हे मला माहीत होतं आणि मी ते सांगितलं नव्हतं. तेही आता सांगितलं. धोंडीराम फोनमध्ये ओरडला, "पावणं, लोखांड हितं कुठलं? पंक्चरवाल्याकडनं टॉमी आणतो." आणि तो चाक खोलायची ती लोखंडी कांब आणायला पळाला. पंक्चरचं दुकान दोनशे पावलांवर होतं.

सर एकटे राहिले. मी म्हटलं, "सर, काचेवर थापटा. बाईंना झोपू देऊ नका." ते थापटत होते. मग थापटणं थांबलं.

"ती काठी उचलतीय," सर म्हणाले.

बाईंची काठी त्यांच्या पायाशी असायची, वर वाकडी मूठ असलेली. त्यांनी ती उलटी धरली, मूठ पुढं केली आणि पुढची सीट व दार यांच्या मधल्या फटीतून पुढं सरकवली. सीट पुढं ओढलेली असल्यानं तिथं फट मोठी होती. सरांना वाटलं, त्या काच फोडायला बघताहेत. ते बाहेरून हातानं 'नको, नको' करत होते.

"मूठ घसरली. परत घालतीय. हँडलला अडकवतीय, महादेवराव. पुढच्या दाराच्या हँडलला."

  पुढच्या दारांना ती मुलांची खिट्टी नसते. पुढचं दार आतून दोनदा ओढलं की लॉक असलं तरी उघडतं. पहिल्या ओढीला कुलूप सुटतं, दुसरीला दार. हे मला माहीत होतं. मी एवढा वेळ रिमोट, सेल, सिम आणि काच यांत फिरत होतो आणि या सगळ्यात साधी असलेली गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

फोनमधून एक खटका ऐकू आला. मग थोडा वेळ काही नाही. मग दुसरा.

"उघडलं," सर म्हणाले, आणि फोन त्यांच्या हातातून पडला असावा, कारण नंतर मला फक्त रस्ता ऐकू येत होता.

मी व्हॅन काढली. तासाभरानं मलकापूरच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा बाईंना सलाईन लावलेलं होतं. दाब वाढला होता, तो उतरत होता. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, वेळेत आणलंत. सर बाकावर बसले होते. त्यांच्याशेजारी धोंडीराम, मांडीवर टॉमी घेऊन. सरांनी फायलीतल्या कार्डावर गाडी चालू केली होती. तो टपरी तशीच उघडी टाकून गाडीतून त्यांच्याबरोबर आला होता आणि टॉमी परत द्यायची राहून गेली होती. सर मला बघून उठले आणि त्यांनी माझे आभार मानले. मला ते घेववेनात. बाई जाग्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्या नजरेत राग होता असं म्हणवत नाही, पण आभार तर नक्कीच नव्हते.

मी रिमोटचा सेल बदलला, कार्ड परत फायलीत न ठेवता सरांच्या पाकिटात घातलं, दोन्ही खिट्ट्या सोडवल्या. परत येऊन फॉर्म भरला. त्यात 'तक्रारीचं कारण' असं असतं आणि पुढं पर्याय असतात. ग्राहकाचं दुर्लक्ष, सेल उतरणं, फोन बंद असणं. तिन्हीवर खूण करता आली असती आणि तिन्ही खोटी नव्हती. मी खाली हातानं लिहिलं, 'गाडी देताना माहिती योग्य माणसाला दिली नाही. देणारा मी.' मॅनेजर म्हणाले, हे वर पाठवता येणार नाही, खोडा. मी खोडलं नाही. त्यांनी नवा फॉर्म भरून घेतला, दुसऱ्या कुणाकडून तरी.

खरं तर 'योग्य माणसाला' म्हणजे त्या वेळी माझ्या मनात सर होते. मी समजत होतो की शशांकऐवजी सरांना समजावून सांगायला हवं होतं. माझी चूक याहून मोठी होती, ते पंधरा दिवसांनी कळलं. सरांचा फोन आला. "विमलनं बोलावलंय," ते म्हणाले. "गाडीबद्दल काहीतरी आहे. मलाही सांगत नाही."

मी पेठेत गेलो. बाई खुर्चीत बसल्या होत्या. व्यायामानं आता शब्द फुटत होते, पण एकेक, मधे थांबत. सर मदतीला काही बोलायला गेले तर त्यांनी डाव्या हातानं गप्प केलं.

"दसऱ्याला," त्या म्हणाल्या. "तुम्ही. शशांकला सांगत होता."

मी मान हलवली.

"पुढचं दार. दोनदा ओढायचं."

त्या दिवशी शोरूममध्ये एकाच वेळी आठ-दहा गाड्या द्यायच्या होत्या. हार, पेढे, फोटो. मी शशांकला घाईघाईनं एकेक गोष्ट दाखवत होतो. सर पेढे वाटत होते. बाई गाडीशेजारी खुर्चीत होत्या, आमच्यापासून हातभर अंतरावर. मी त्यांना नमस्कार केला होता, नाही असं नाही. पण त्यांना बोलता येत नाही, म्हणजे त्यांना सांगून उपयोग नाही, असं मी धरून चाललो होतो. त्यांच्या डोक्यावरून बोललो, त्यांच्या दाराला खिट्टी लावली आणि ती लावतो हेही त्यांना सांगितलं नाही. गाडीत रोज मागं बसणार होत्या त्या एकट्या.

"मी ऐकत होते," त्या म्हणाल्या. "मला. सांगितलं नाही."

"चुकलं, बाई," मी म्हटलं.

उत्तर बरोबर आल्यावर शिक्षक मान हलवतात तशी त्यांनी मान हलवली. मग काठी टेकत उठल्या, सरांच्या खांद्याला धरून बाहेर गाडीपाशी आल्या. तालमीसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी उभी होती. त्यांनी मागच्या डाव्या दाराकडं बोट केलं. मला वाटलं, त्यांना बसायचंय. मी दार उघडून धरलं. त्यांनी मलाच आत बसायची खूण केली.

मी बसलो. त्यांनी सरांना खिट्टी दाखवली, सरांनी ती लावली. माझ्या उजव्या हाताकडं बघून म्हणाल्या, "खिशात." मी हात खिशात घातला. काठी माझ्या डाव्या हातात दिली. दार लागलं. सरांनी बाहेरून रिमोटनं गाडी लॉक केली आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभे राहिले. तालमीच्या कट्ट्यावर बसलेली दोन-चार माणसं उठून बघायला आली.

या गाड्यांची दारं मी शेकड्यानं उघडली असतील. मागच्या सीटवर कोंडून घेऊन एकही उघडलं नव्हतं. काठी लांब पडते आणि कोपर दारावर आपटतं. मूठ हँडलच्या खाली जाते, पण ओढायला गेलं की प्लॅस्टिकवरून घसरते, कारण ती नेमकी कुठं अडकली ते सीटमुळं दिसत नाही. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. काचा बंद असल्यानं घाम यायला लागला. तिसऱ्या खेपेला काठीच हातातून निसटली, ती उजव्या हातानं उचलावी असा मोह झाला. बाहेर बाई बघत होत्या. नाही उचलली. चौथ्यांदा मूठ बसली, मी ओढली, खटका झाला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि काठी मागं घेतली.

दार उघडलं नव्हतं.

बाईंनी काचेला डावा हात लावून मला दोन बोटं दाखवली. मी पुन्हा काठी घातली, पुन्हा अडकवली, पुन्हा ओढली. पुढचं दार बोटभर सुटलं. सरांनी ते बाहेरून पूर्ण उघडलं आणि मग मागचं दार उघडून मला बाहेर घेतलं. मी घाम पुसत बाईंसमोर उभा राहिलो.

सरांनी घड्याळात किती मिनिटं झाली ते सांगितलं. बाईंनी काठी माझ्या हातातून परत घेतली, टेकवून बघितली आणि म्हणाल्या,

"काठावर पास."